पिल्लू झोपलंय, झोपू द्या

घरात कुत्र्याचं पिल्लू आणलं की पहिल्या आठवड्यात दोन काळज्या ठरलेल्या असतात. एक, ते रात्री रडतं. दुसरी, ते दिवसा फारच झोपतं. आत्ता चपलेशी झटापट चाललेली असते, इवल्याशा तोंडातून गुरगुर येत असते, आणि पुढच्याच मिनिटाला ते त्या चपलेवर मान टाकून गाढ झोपलेलं असतं. हाक मारली तरी कान हलत नाही. तासाभराने उठतं, शू करतं, थोडं खातं, घरभर पळतं आणि पुन्हा कुठल्या तरी कोपऱ्यात पसरतं. घरातल्यांचा जीव खालीवर होतो. अशक्तपणा आहे का? जंत झालेत का? विकणाऱ्याने आजारी पिल्लू गळ्यात मारलं का?

बहुतेक वेळा पिल्लू ठणठणीत असतं. त्याला एवढी झोप लागतेच. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसरात्र मिळून १८ ते २० तास झोप लागते, असं पशुवैद्य आणि ट्रेनर सर्वसाधारणपणे सांगतात. म्हणजे चोवीस तासांत ते जागं असतं जेमतेम चार ते सहा तास, आणि तेही तुकड्यातुकड्यांत. मोठं कुत्रंसुद्धा आपल्यापेक्षा जास्तच झोपतं, साधारण १२ ते १४ तास.

हा १८-२० चा आकडा मात्र घड्याळ लावून गाठायचा नाही. ब्रिटनमधली ‘डॉग्ज ट्रस्ट’ ही संस्था ‘जनरेशन पप’ नावाचा मोठा अभ्यास चालवते. त्यात हजारो मालक आपल्या पिल्लांच्या नोंदी ठरावीक काळाने पाठवतात. १६ आठवड्यांच्या पिल्लांच्या मालकांनी कळवलेली झोप सरासरी ११ तासांच्या आसपास भरली. सांगितला जाणारा आकडा आणि हा, यांत केवढी तफावत! थोडा फरक वयाचा आहे, कारण चार महिन्यांचं पिल्लू दोन महिन्यांच्या पिल्लाइतकं झोपत नाही. शिवाय मालक जेवढी झोप बघतो तेवढीच लिहितो. दाराआड काढलेल्या डुलक्या, डोळे अर्धवट मिटून पडून राहणं, हे त्याच्या हिशेबात येणं कठीण. पण मला तिसरंही एक कारण दिसतं, आणि या लेखाचा सगळा जोर त्यावरच आहे: पुष्कळ घरांत पिल्लाला हवी तेवढी झोप मिळतच नाही. आपण खाण्याची चौकशी करतो, लशींच्या तारखा भिंतीवर लावतो, महागडं खेळणं आणतो. त्याला निवांत झोपू देणं हेही आपलंच काम आहे, हे मात्र कुणी सांगत नाही.

एवढी झोप कशासाठी लागते, हे समजायचं तर पिल्लू आपल्या घरी येण्याच्या आधीपासून बघायला हवं. जन्मलेलं पिल्लू आंधळं आणि बहिरं असतं. डोळे उघडायला दहा-चौदा दिवस लागतात, कान त्यानंतर काही दिवसांनी मोकळे होतात. स्वतःच्या अंगाची ऊब टिकवणंही त्याला जमत नाही, म्हणून ती सगळी आईच्या पोटाशी एकमेकांच्या अंगावर पडून राहतात. त्यांचं आयुष्य म्हणजे दूध पिणं आणि झोपणं, आणि त्यात दुधापेक्षा झोपेचा वेळ कितीतरी जास्त. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी वर्षानुवर्षं पिल्लांच्या वाढीचा अभ्यास केला. त्यांचं १९६५ सालचं पुस्तक या विषयात आजही आधाराला घेतलं जातं. पहिले दोन आठवडे नवजात अवस्थेचे, तिसरा आठवडा बदलाचा, आणि त्यानंतर साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत जगाशी ओळख करून घेण्याचा काळ, असे टप्पे त्यांनी आखून दिले. आपण पिल्लू घरी आणतो ते नेमकं या ओळखीच्या काळात. त्याच्या मेंदूवर एरवी कधी नसेल एवढा मारा या आठवड्यांत होत असतो: नवे आवाज, नवे वास, नवी माणसं, गुळगुळीत फरशी, पंख्याची सावली. हे सगळं लावून ठेवायला वेळ लागतो, आणि तो वेळ म्हणजे झोप.

झोपलेल्या पिल्लाजवळ एकदा वीस मिनिटं नुसतं बसून बघा. सुरुवातीला श्वास संथ आणि एकसारखा होत जातो, बरगड्या वरखाली होतात, अंग सैल पडतं. काही वेळाने चित्र पालटतं. आधी मिशा थरथरतात. पापण्यांच्या आत बुबुळं फिरताना दिसतात. ओठ चुपचुप करतात, दूध ओढल्यासारखे. मग पुढचे पंजे झटके देतात, पाठोपाठ मागचे, जणू पळायला निघालंय. श्वास अडखळत, जलद येतो आणि घशातून बंद तोंडाचं बारीकसं भुंकणं उमटतं. घाबरून त्याला हलवून उठवू नका. ही झटक्यांची झोप आहे. माणसांत तिला ‘रेम’ म्हणतात. शिकागो विद्यापीठात यूजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ साली झोपेतल्या डोळ्यांच्या जलद हालचाली नोंदवल्या, तेव्हापासून ते नाव रूढ झालं. वय जितकं कमी, तितका झोपेत तिचा वाटा जास्त. नवजात पिल्लाची तर जवळपास सगळी झोप अशीच चुळबुळीची असते.

हे झटके वाया जात नाहीत. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातले मार्क ब्लूमबर्ग उंदरांच्या नवजात पिल्लांवर अनेक वर्षं काम करत आहेत. झोपेत एखादा पाय किंवा मिशी आपोआप उडते, त्या हालचालीची खबर मेंदूकडे परत जाते, आणि कोणता स्नायू हलला की काय जाणवतं याची जुळणी मेंदू त्यातून करत जातो, असं त्यांच्या प्रयोगांतून दिसलं. जागेपणी हालचालींची एवढी गर्दी असते की एकेकीची अशी सुटी नोंद लागणं अवघड. कुत्र्याच्या पिल्लाचे झटके त्याच जातीचे आहेत. आज जिना चढताना धडपडणारं पिल्लू चार दिवसांनी टणाटण चढतं, त्यात सरावाइतकाच झोपेचाही वाटा आहे, असं मी धरून चालतो.

झोप किती अटळ आहे, हे ज्या प्रयोगाने पहिल्यांदा दाखवलं तो पिल्लांवरच झाला होता. तो वाचताना आजही अंगावर काटा येतो. मारी मानासेना या रशियन वैद्यक-संशोधक बाईंनी दोन ते चार महिन्यांच्या दहा पिल्लांना अखंड जागं ठेवलं. खाणंपिणं, देखभाल यांत काही कमी नव्हतं. चार-पाच दिवसांत पिल्लं दगावली. अंगाचं तापमान उतरत गेलं, आणि तपासणीत सर्वांत जास्त बिघाड मेंदूत आढळला. वीस-पंचवीस दिवस अन्नावाचून काढलेलं जनावर पुन्हा सावरू शकतं, पण झोपेवाचून ते आठवडाभरही तगत नाही, असा निष्कर्ष त्यांनी १८९४ मध्ये मांडला. असा प्रयोग आज कुठल्याही नैतिक समितीपुढे टिकणार नाही, आणि टिकूही नये. पण त्या काळी झोप म्हणजे मेंदूचं निष्क्रिय पडून राहणं असा समज होता. त्याला तडा द्यायला या दहा जिवांची किंमत मोजली गेली, हे विसरू नये.

अलीकडचं काही संशोधन सुदैवाने कुत्र्यांना त्रास न देता झालं आहे. बुडापेस्टच्या ओत्वोश लोरांद विद्यापीठातला गट कुत्र्याच्या डोक्यावर बाहेरून इलेक्ट्रोड चिकटवतो, मालक शेजारी गादीवर बसतो, आणि कुत्रा आपणहून झोपी जातो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात हंगेरियन भाषेत ‘बस’ आणि ‘झोप’ कळणाऱ्या कुत्र्यांना त्याच आज्ञा इंग्रजीत शिकवल्या. शिकवणीनंतर झोप झाल्यावर त्यांची कामगिरी सुधारली, आणि झोपेतल्या मेंदूलहरींतही शिकण्याच्या खुणा दिसल्या. दुसऱ्या भागात शिकल्यानंतर काहींना झोपू दिलं, काहींना फिरवलं, काहींना खेळू दिलं, आणि काहींना लगेच दुसरं काही शिकवायला घेतलं. आठवड्यानंतरच्या चाचणीत झोपलेले, फिरलेले आणि खेळलेले कुत्रे सरस ठरले. एकावर एक धडे दिलेले मात्र पुढे सरकले नाहीत. हे सगळे मोठे कुत्रे होते. पण ज्याचा मेंदू अजून घडतोच आहे, त्या पिल्लाला सलग तासभर ‘सिट’ आणि ‘शेक हँड’ शिकवू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. पाच मिनिटं शिकवा, थोडं खेळू द्या आणि त्याला त्याच्या जागेवर जाऊ द्या.

झोप अपुरी पडली की मोठा माणूस पेंगतो. पिल्लाचं उलटं होतं, आणि तिथेच बहुतेक घरांची गल्लत होते. दमलेलं पिल्लू शांत होत नाही, चेकाळतं. संध्याकाळी सात ते नऊची वेळ आठवा. बाबा ऑफिसातून आलेले असतात, मुलं क्लासवरून परतलेली असतात, कुकरच्या शिट्ट्या चालू असतात, टीव्ही लागलेला असतो, शेजारच्या काकू ‘आलं का गं पिल्लू?’ म्हणत दारात उभ्या असतात. पिल्लू एकाएकी सोफ्याभोवती भिंगरीसारखं धावायला लागतं, पायजम्याची नाडी धरून झोंबतं, हाताला सुईसारखे दात लावतं, ‘नको’ म्हटलं की आणखी चवताळतं. सगळ्यांना वाटतं, याच्या अंगात मस्ती फार, याला दमवलं पाहिजे. मग मुलं बॉल घेऊन त्याला आणखी पळवतात. खरं तर ते दुपारपासून नीट झोपलेलंच नसतं. त्या वेळी आवाज बंद करा, दिवा मंद करा, त्याला त्याच्या जागेवर ठेवा आणि शेजारी गप्प बसा. बऱ्याचदा पाच-दहा मिनिटांत त्याची मान खाली जाते.

साधारण अंदाज असा धरावा: दोन-अडीच महिन्यांचं पिल्लू एका वेळी पाऊण तास, फार तर तासभर जागं राहू शकतं. तेवढ्यात शू, खाणं, खेळ आणि थोडं शिकणं उरकतं. मग तास-दोन तासांची झोप. ते आपणहून झोपायला जाईल याची खात्री नसते, कारण घरात काही घडत असेल तर ते सोडून जाणं त्याला जमत नाही. आई आणि भावंडांजवळ असताना सगळी एकदम आडवी व्हायची. इथे त्याच्याबरोबर आडवं होणारं कुणी नसतं.

त्याची झोपायची जागा ठरलेली असावी आणि ती येण्याजाण्याच्या वाटेवर नसावी. मुंबई-पुण्याच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये वेगळी खोली कुठून आणणार? त्याची गरजही नाही. पलंगाचा कोपरा, टेबलाखालची जागा, दार उघडं ठेवलेला क्रेट आणि त्यात जुनी गोधडी, एवढं पुरतं. नियम एकच आणि तो सगळ्यांना लागू: त्या जागेवर पिल्लू असताना त्याला कुणी हात लावायचा नाही. पाहुण्यांनी नाही, फोटो काढणाऱ्यांनी नाही, लहान मुलांनी तर मुळीच नाही. झोपेतून दचकून उठलेलं पिल्लू चावू शकतं, आणि तो दोष त्याचा नसतो. आपल्याकडे नवं पिल्लू बघायला अख्खी सोसायटी येते. लोक प्रेमाने येतात, पण ‘आत्ता झोपलंय, संध्याकाळी या’ असं सांगायला संकोच वाटू देऊ नका.

उन्हाळ्यात गोधडी सोडून ते गार फरशीवर किंवा मोरीच्या दाराशी पोट टेकून झोपेल. झोपू द्या. उकाड्यात धापा टाकत पडलेलं पिल्लू नीट झोपत नाही, तेव्हा पंखा, पाणी आणि सावली बघा. पावसाळ्यात ओल्या फरशीवरून त्याला कोरड्या जागी हलवा. गणपतीतले ढोल आणि दिवाळीतले फटाके यांच्या काळात आतल्या खोलीत खिडक्या लावून ठेवा, कारण त्या आठवड्यांत त्याची झोप सहज मोडते.

आता रात्र. १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडम्स आणि जॉन्सन या संशोधकांनी कुत्र्यांच्या रात्रीचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. मोठी कुत्री सरासरी १६ मिनिटं झोपतात आणि ५ मिनिटं जागी होतात, आणि हे चक्र रात्रभर चालतं, असं त्यांना दिसलं. म्हणजे रात्री मध्येच उठून इकडेतिकडे बघणं हा कुत्र्याचा स्वभावच आहे. पिल्लाच्या बाबतीत त्यात एकटेपणाची भर पडते. कालपर्यंत पाच-सहा अंगांच्या उबेत झोपलेला जीव आज अनोळखी खोलीत एकटा जागा होतो, तेव्हा तो रडणारच. ‘रडू दे, सवय लागेल’ हा सल्ला मला पटत नाही. पहिले काही दिवस त्याची जागा आपल्या पलंगाशेजारी ठेवावी, म्हणजे ते जागं झालं की माणसाचा श्वास ऐकू येतो आणि पुन्हा डोळा लागतो. पुढे हळूहळू ती जागा हवी तिथे सरकवता येते.

रात्री उठण्याचं दुसरं कारण साधं आहे. लघवी धरून ठेवायची ताकद वयाबरोबर येते. जितके महिने तितके तास, फार तर एक तास अधिक, असा ठोकताळा सांगतात. दोन महिन्यांच्या पिल्लाला रात्री एक-दोनदा बाहेर न्यावं लागणारच. नेताना दिवा लावू नये, बोलू नये, खेळू नये. शू झाली की सरळ जागेवर. नाहीतर रात्री दोनला खेळ असतो, हे ते लगेच शिकतं.

पिल्लू आणताना त्याच्या वयाची चौकशी जरूर करा. श्वान-प्रजनन आणि विक्रीसाठी केंद्र सरकारने २०१७ साली केलेल्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. तरीही महिनाभराची पिल्लं सर्रास हाती ठेवली जातात. आई आणि भावंडांपासून एवढ्या लवकर तोडलेल्या पिल्लाला एकटं निजणं आणखी कठीण जातं. दाव्यातलं वय आणि प्रत्यक्ष पिल्लू यांचा मेळ बसत नसेल तर डॉक्टरांना दात दाखवा.

रस्त्यावरून उचलून आणलेल्या देशी पिल्लाची तऱ्हा थोडी निराळी असते. कोलकात्याच्या ‘आयसर’मध्ये अनिंदिता भद्रा यांचा गट मोकाट कुत्र्यांचा अभ्यास करतो. गल्लीतली कुत्री दिवसाचा बराच मोठा भाग नुसती पडून काढतात, हे त्यांनी केलेल्या नोंदींतून पुढे आलं. अशा आईजवळ वाढलेलं पिल्लू रिक्षांच्या आणि हॉर्नच्या गोंगाटात झोपायला शिकलेलं असतं, मात्र बंद दार आणि मिक्सरचा आवाज त्याला नवा असतो. आणल्यावर पहिले एक-दोन दिवस ते खूप झोपेल किंवा अजिबात झोपणार नाही. दोन्हींत त्याला जागा आणि वेळ द्यावा. त्याच वेळी जंत आणि गोचीड यांची तपासणी मात्र लगेच करून घ्यावी.

तपासणीचा विषय निघालाच आहे, तर काळजी केव्हा करायची तेही सांगतो. तास मोजून हे कळत नाही. जागं असताना पिल्लू कसं वागतं, त्यावरून कळतं. जागेपणी डोळे तरतरीत, खाण्यावर झडप, शेपूट हलतंय, तर ते वीस तास झोपलं तरी चिंता नको. उठवूनही उठत नाही, आवडतं खाणं समोर धरलं तरी तोंड फिरवतं, तर वाट बघू नका. उलट्या आणि रक्ताचे, दुर्गंधीचे जुलाब असतील तर पार्व्होची शंका घ्यावी. लस पूर्ण न झालेल्या पिल्लाला हा आजार काही दिवसांत नेतो. हिरड्या फिकट दिसत असतील तर रक्त शोषणारे जंत किंवा गोचीड ताप असू शकतो. पॉमेरेनियन, चिवावासारख्या चिमुकल्या जातींचं पिल्लू खाणं चुकल्यावर लडखडायला लागलं, मलूल झालं, तर रक्तातली साखर उतरलेली असू शकते, आणि ही तातडीची अवस्था आहे. अंगाचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हे कुत्र्यांत सामान्य आहे, त्यामुळे हाताला ते कायम गरमच लागतं. थर्मामीटरशिवाय ताप ठरवू नये. लस दिल्यावर एक-दोन दिवस ते थोडं सुस्त राहिलं तर घाबरण्याचं कारण नसतं.

एक विरळा आजार मात्र झोपेचाच आहे. खेळता खेळता पिल्लू झोपतं हे नेहमीचं; पण खाण्याची थाळी बघून आनंदाने उड्या मारता मारता ते एकदम पायांतून गळाठून कोसळत असेल, आणि क्षणात पुन्हा उठून खायला लागत असेल, तर ती नार्कोलेप्सी असू शकते. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात विल्यम डिमेंट यांनी १९७० च्या दशकात अशी डॉबरमन कुत्री जमवली होती. त्यांच्यावरच्या दीर्घ कामातून १९९९ साली एमान्युएल मिन्यो यांच्या गटाने या आजाराला कारण असलेला जनुकीय दोष शोधला. जागं ठेवणाऱ्या हायपोक्रेटिन या मेंदूतल्या रसायनाचा संदेश टिपणारी यंत्रणाच त्या कुत्र्यांत बिघडलेली होती. त्या धाग्यावरून पुढे माणसांतल्या नार्कोलेप्सीचाही उलगडा होत गेला. असे झटके दिसले तर फोनवर व्हिडिओ करून डॉक्टरांना दाखवा. तोंडी वर्णनापेक्षा त्याने निदान लवकर होतं.

बाकीच्या पिल्लांची झोप वयाबरोबर आपोआप कमी होते. चार महिन्यांपर्यंत दिवसाच्या डुलक्या लांबलेल्या असतात, पण संख्येने घटतात. सहा महिन्यांच्या आसपास दात बदलून होतात, बाहेरच्या वासांचं वेड लागतं, आणि दुपारी ते कधी कधी झोपायलाच तयार नसतं. तेव्हाही दुपारची शांत वेळ मोडू नये. ग्रेट डेन, सेंट बर्नार्डसारख्या थोराड जाती वाढायला दीड-दोन वर्षं घेतात आणि तोवर भरपूर झोपतात. वर्षभराचं कुत्रं घराच्या वेळापत्रकाला बरंच जुळवून घेतं: रात्री घर झोपलं की झोपतं, सकाळी दुधाच्या पिशवीच्या आवाजाला उठतं, आणि मुलं शाळेत गेली की दारापाशी पाय ताणून पुन्हा पडतं.